दरोडेखोरास दिलेला शब्द

चित्रपट हा करमणुकीचा विषय. त्यावरून नीतिशास्त्राचा प्रश्न काढणें म्हणजे जत्रेंतल्या पाळण्यांत बसून वेदान्त सांगण्यासारखें आहे, असें कित्येक वाचकांस वाटेल. परंतु नीतीचे प्रश्न केवळ शास्त्रग्रंथांतच जन्मास येतात असें नाहीं. आपल्याकडे ते पुराणिकाच्या तोंडून आले, कीर्तनांत आले, नाटकांत आले. आजच्या घरांत ते रात्रीच्या जेवणानंतर पडद्यावरून येत असतील, तर पाहुणा कोणत्या दारानें आला यापेक्षां तो काय विचारीत आहे याकडे लक्ष देणेंच शहाणपणाचें होय.

‘होस्टेज’ हा २००५ सालचा अमेरिकन चित्रपट असा एक प्रश्न घेऊन येतो. रॉबर्ट क्रेस यांच्या २००१ सालच्या कादंबरीवरून तो रचलेला आहे. दिग्दर्शक फ्लोरां एमिलियो सिरी हे फ्रेंच असून नायकाची भूमिका ब्रूस विलिस यांनीं केली आहे. कलाकृति म्हणून तो थोर आहे असें माझें म्हणणें नाहीं. त्यांत गोळीबार फार आहे आणि आगहि लागते. परंतु मूळ कथेंतील पेंच मात्र खरा आहे.

जेफ टॅली हा लॉस एंजेलिसच्या पोलिसांतील एक अंमलदार. ओलीस धरून बसलेल्या गुन्हेगारांशीं बोलावें, त्यांस वळवावें, आणि आंतल्या माणसांस जिवंत बाहेर काढावें, हें त्याचें काम. आपल्या भाषेंत बोलावयाचें तर तो शिष्टाई करणारा. आरंभींच एक माथेफिरू मनुष्य आपली बायको व मुलगा यांस घरांत कोंडून बसलेला दिसतो. नेमबाज शिपाई गोळी घालण्याची परवानगी मागतो; टॅली ती देत नाहीं. बोलून काम होईल, असा त्याचा भरंवसा असतो. तो भरंवसा खोटा ठरतो. तो मनुष्य बायकोला व मुलाला मारून स्वतःचाहि जीव घेतो, आणि तें पोर टॅलीच्या हातांत प्राण सोडतें. वर्षभरानें हाच टॅली व्हेंचुरा परगण्यांतील एका लहान गांवाचा पोलिसप्रमुख झालेला आहे. मोटार चोरावयास निघालेले तीन तरुण तेथील एका धनिक हिशेबनिसाच्या घरांत शिरतात. त्यांच्यापैकीं एकाच्या गोळीस पोलिसांतील एक बाई बळी पडते. बाप आणि त्याचीं दोन मुलें आंत अडकतात. टॅली हें काम परगण्याच्या अधिकाऱ्यांकडे सोपवून मोकळा होतो. पण तो हिशेबनीस निघतो मोठ्या गुन्हेगारांचा पैसा सांभाळणारा. त्यांचा सारा हिशेब एका तबकडींत आहे आणि ती तबकडी घरांत आहे. बुरखेधारी लोक टॅलीचीच बायको व मुलगी पळवितात आणि ती तबकडी आणून देण्याचा हुकूम करतात. टॅली परत येतो, सूत्रें हातीं घेतो, आणि आंतल्या तरुणाशीं सौदा करतो: हेलिकॉप्टर देतों, घरांत सांपडलेल्या पैशांपैकीं अर्धा मला दे.

येथें प्रश्न असा उभा राहतो कीं, हा जो शब्द टॅली त्या तरुणास देतो, तो शब्द आहे काय? ज्यानें बंदूक रोखून तो मिळविला, त्याचा त्यावर कांहीं हक्क पोंचतो काय? आणि पोंचत नसेल, तर असा पोकळ शब्द देणाऱ्याच्या अंगावर त्याचा कांहीं डाग राहतो कीं नाहीं?

‘ओलीस’ या शब्दाचा इतिहासच या प्रश्नावर प्रकाश टाकणारा आहे. आमच्या इतिहासांत ओलीस हा पळवून आणलेला नसे. तो दिलेला असे. पुरंदरच्या तहाच्या वेळीं, १६६५ सालीं, आठ वर्षांचे संभाजीराजे मिर्झाराजे जयसिंगाच्या छावणींत राहिले, ते तहाच्या कलमांची हमी म्हणून. श्रीरंगपट्टणच्या तहांत, १७९२ सालीं, टिपूनें आपले दोन मुलगे लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या स्वाधीन केले. अटी पुऱ्या झाल्यावर १७९४ सालीं ते बापाकडे परतले. त्या व्यवहारांत क्रौर्य होतें, यांत शंका नाहीं. पोटच्या पोरांस गहाण टाकणें ही सुखाची गोष्ट नव्हे. तथापि दोन्ही पक्ष एकमेकांचा शब्द ओळखीत होते, आणि ओलीस हा त्या शब्दाचा जामीन होता. आजचा ओलीस याच्या अगदीं उलट आहे. जेथें कोणाचाच शब्द कोणास मान्य नाहीं तेथें तो धरला जातो. पूर्वीं ओलिसाच्या आधारावर वचन उभें राही. आतां ओलिसाच्या सुटकेसाठीं, आधार नसलेलें वचन हवेंत उभें करावें लागतें. तें उभें करणारा कारागीर म्हणजे हा शिष्टाई करणारा पोलिस.

हा धंदा फार जुना नाहीं. म्यूनिक येथील ऑलिंपिक सामन्यांच्या वेळीं, १९७२ च्या सप्टेंबरांत, आठ पॅलेस्टिनी बंदूकधाऱ्यांनीं इस्रायली चमूच्या निवासांत घुसून दोघांना ठार केलें व नऊ जणांना ओलीस धरलें. जर्मन अधिकाऱ्यांनीं त्यांना कैरोस जाण्यासाठीं विमान देऊं केलें. तें देणें खोटें होतें. फ्यूर्स्टनफेल्डब्रुकच्या विमानतळावर नेमबाज दबा धरून बसले होते, पण ते संख्येनें पांचच. विमानांत वेष पालटून बसविलेले पोलिस आयत्या वेळीं उतरून गेले. बंदूकधाऱ्यांच्या म्होरक्यानें रिकामें विमान पाहिलें आणि फसवणूक ओळखली. मग जें घडलें त्यांत नऊच्या नऊ ओलीस, एक जर्मन पोलिस व पांच बंदूकधारी मेले. त्या दुर्घटनेनंतर जगांतील पोलिसांनीं या गोष्टीचा गंभीरपणें विचार सुरू केला. न्यू यॉर्क येथें हार्वे श्लॉसबर्ग या मानसशास्त्र शिकलेल्या डिटेक्टिव्हानें आणि फ्रँक बोल्झ या अधिकाऱ्यानें १९७३ च्या सुमारास स्वतंत्र पथक बांधलें. ‘माझ्याशीं बोला’ हें त्या पथकाचें ब्रीद. घाई करूं नये, वेळ जाऊं द्यावा, जेवण दिलें तर बदल्यांत एक माणूस सोडवून घ्यावें, समोरच्याचा राग निवूं द्यावा, असे त्यांचे दंडक. त्यांतला एक दंडक आपल्या विषयास फार महत्त्वाचा आहे: बोलणारानें हुकूम देऊं नये आणि हुकूम देणारानें बोलूं नये. म्हणजे मग ‘हें माझ्या हातीं नाहीं, वरिष्ठांना विचारावें लागेल’ असें शिष्टाई करणारा खरेंच सांगूं शकतो. त्याला खोटें बोलण्याची गरजच शक्यतों पडूं नये, अशी ही योजना आहे.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. सिसेरोनें आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथांत याचें उत्तर निःशंकपणें दिलें आहे. समुद्री चांचा हा युद्धांतला शत्रु नव्हे, तो सर्व मानवजातीचा वैरी. त्याच्याशीं विश्वासाचें नातेंच संभवत नाहीं. म्हणून त्याला शपथेवर कबूल केलेली खंडणी न दिली तरी ती फसवणूक नव्हे, असें तो म्हणतो. आणि हाच सिसेरो त्याच पुस्तकांत रेग्युलसाची थोरवी गातो, जो कार्थेजकरांना दिलेल्या वचनासाठीं मरण समोर दिसत असतां परत गेला. शत्रूस दिलेला शब्द पाळावा, चांच्यास दिलेला पाळूं नये, भेद इतकाच. ग्रोशियस या डच पंडितास, १६२५ सालच्या आपल्या ग्रंथांत, हा भेद मान्य झाला नाहीं. चांचा असला तरी तो मनुष्य आहे, आणि मनुष्यानें मनुष्यास दिलेल्या वचनाचें बंधन त्याच्या दुष्टपणानें तुटत नाहीं, असा त्याचा कौल.

कांटनें तर १७९७ सालीं याहून पुढें मजल मारली. खुनी मनुष्य दाराशीं येऊन तुमच्या घरांत लपलेल्या मित्राचा ठिकाणा विचारूं लागला, तरीहि खोटें बोलूं नये असें त्यानें बेंजामिन काँस्टंट या फ्रेंच लेखकास उत्तर दिलें. काँस्टंटचें म्हणणें असें होतें कीं, ज्याला सत्य ऐकण्याचा अधिकार आहे त्याच्याशींच तें बोलण्याचें कर्तव्य असतें. कांटचा युक्तिवाद वाचतांना त्या महापंडिताविषयींचा आदर क्षणभर डळमळतो. तुम्ही ‘तो बाहेर गेला’ असें खोटें सांगितलें, आणि मित्र खरोखरच खिडकींतून निसटून रस्त्यावर खुन्यास भेटला, तर त्याच्या मरणाचे वांटेकरी तुम्ही, असें तो म्हणतो. परंतु घाईनें हंसूं नये. म्यूनिकला घडलें तें याच जातीचें होतें. खोट्या विमानानें ओलिसांचा जीव वांचला नाहीं. खोटें उघडकीस आलें त्या क्षणीं बोलण्याचा मार्ग संपला आणि बंदुकीच तेवढ्या उरल्या. खोटें बोलणारास परिणामांची हमी देतां येत नाहीं, एवढा कांटच्या म्हणण्यांतला अंश आपणांस पत्करावाच लागेल.

आमच्या महाभारतानें हा प्रश्न दोन कथांनीं सोडविला आहे, आणि त्या दोन्ही कथा एकत्र वाचल्या पाहिजेत. कर्णपर्वांत श्रीकृष्ण अर्जुनास कौशिक नांवाच्या तपस्व्याची गोष्ट सांगतात. सत्य बोलावयाचें, एवढेंच त्याचें व्रत. दरोडेखोरांच्या भयानें कांहीं माणसें रानांत लपलीं. दरोडेखोरांनीं कौशिकास विचारलें. त्यानें खरें सांगितलें. तीं माणसें मारलीं गेलीं. आणि कौशिक नरकास गेला. लोकमान्य टिळकांनीं ‘गीतारहस्या’च्या कर्मजिज्ञासा प्रकरणांत सत्याच्या अशा अपवादांची विस्तारानें चर्चा केलेली आहे, आणि आमच्या सुशिक्षित वर्गास कौशिकाची बाजू एव्हांना चांगली पाठ आहे. दुसरी कथा धर्मराजाची. अश्वत्थामा नांवाचा हत्ती मारला गेला आणि युधिष्ठिरानें ‘हत्ती’ हा शब्द ओठांत घोळवून द्रोणाचार्यांस पुत्रशोकांत लोटलें. तोंवर भूमीपासून चार बोटें वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणीं खालीं टेकला. ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. परंतु व्यासांनीं हिशेब तेथेंच मिटविला नाहीं. शेवटच्या स्वर्गारोहणपर्वांत युधिष्ठिरास नरकाचें दर्शन घडतें, आणि इंद्र त्याचें कारण सांगतो तें हेंच: द्रोणाशीं केलेलें कपट.

या दोन कथांचा मेळ कसा घालावयाचा? सत्य सांगणारा कौशिक नरकांत जातो, आणि कपट करणाऱ्या युधिष्ठिरालाहि नरक पाहावा लागतो. मला यांत विसंगति दिसत नाहीं. उलट नीतिशास्त्राचें फार खोल ज्ञान दिसतें. कौशिकास नरकवास घडला, धर्मराजास नरकदर्शन. कांहीं प्रसंगीं खोटें बोलणें हेंच कर्तव्य असतें. पण कर्तव्य म्हणून केलेलें खोटें हें सत्य होत नाहीं. त्याची किंमत उरतेच, आणि ती बोलणाऱ्यानें भरावयाची असते. अॅडम स्मिथनें १७५९ सालच्या आपल्या नीतिभावनांवरील ग्रंथांत वाटमाऱ्यास दिलेल्या वचनाचें उदाहरण घेऊन जवळजवळ हेंच म्हटलें आहे. वचन मोडणें कधीं अगदीं अवश्यहि असेल. तरीहि तें मोडणाऱ्यास थोडा तरी कमीपणा येतोच, असें त्याचें निरीक्षण आहे. स्कॉटलंडचा हा व्यवहारी अर्थशास्त्रज्ञ आणि आमचे व्यास एकाच ठिकाणीं येऊन उभे राहावे, ही योगायोगाची गोष्ट नव्हे.

येथें कोणी म्हणेल कीं, न्यू यॉर्कच्या त्या दंडकानें हा प्रश्न मिटविलाच आहे. बोलणारा हुकूम देत नाहीं. त्याला बेत ठाऊकच नसतो. मग त्याची जीभ स्वच्छ राहिली. परंतु नीट विचार करावा. दाराशीं उभा राहून तो अंमलदार सद्भावानें सांगतो, ‘तुम्हांला कोणी इजा करणार नाहीं’. आणि त्याच वेळीं त्याच्या पाठीमागें, त्याला न सांगतां, आंत घुसण्याचा बेत शिजत असूं शकतो. तसें झालें तर त्याचा सच्चेपणा हेंच दुसऱ्याच्या कपटाचें हत्यार झालें. धर्मराजाच्या तोंडीं तो शब्द घातला गेला तोहि याचसाठीं, कीं द्रोणाचार्य दुसऱ्या कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवते ना. कामाची वांटणी केल्यानें जबाबदारीची वांटणी होते, नाहींशी होत नाहीं. राज्यसंस्थेनें ते खोटें बोलविलें, तर ऋणको राज्यसंस्था होय. तिनें तें कर्ज मनांत नोंदून ठेवलें पाहिजे, आणि पुढच्या वेळीं तिचा शब्द कोणी मानला नाहीं, तर नवल करूं नये.

टॅलीचा प्रश्न याहूनहि बिकट आहे. तो बोलणाराहि आहे आणि हुकूम देणाराहि. शिवाय त्याची स्वतःची बायको व मुलगी ओलीस आहेत. परक्याचीं दोन मुलें आणि आपली एक मुलगी यांच्या मध्यें तो उभा आहे, आणि हें तो आपल्या सोबत्यांस सांगूं शकत नाहीं. बापानें आपल्या मुलीस अधिक मानावें, यांत अधर्म नाहीं. तसें न मानणाऱ्या बापाकडे आपण भयानें पाहूं. पण न्यायाधीशानें आपल्याच खटल्याचा निवाडा करूं नये, हें तत्त्व ज्या कारणासाठीं आहे तेंच कारण येथें लागू पडतें. ज्याचें काळीज एका पारड्यांत पडलेलें आहे त्याच्या हातीं तराजू राहूं नये. १९९९ च्या डिसेंबरांत काठमांडूहून निघालेलें आमचें विमान कंदाहारला नेण्यांत आलें, तेव्हां आप्तेष्टांनीं दिल्लींत जो आक्रोश केला तो अगदीं स्वाभाविक होता. त्यांनीं दुसरें कांहीं मागावें अशी अपेक्षा करणें निर्दयपणाचें झालें असतें. परंतु निर्णय त्यांचा नव्हता. तो सरकारचा होता. सरकारनें तीन कैदी सोडले, प्रवासी परत आले, आणि सोडलेल्यांपैकीं एकानें पुढच्याच वर्षीं जी संघटना उभारली तिची झळ देशास पुढें वर्षानुवर्षें सोसावी लागली. तो निर्णय बरोबर कीं चूक, हा वाद आजहि चालू आहे. पण तो घेणारे बाहेरचे होते, आणि त्याचा जाब त्यांना द्यावा लागला, हें योग्यच झालें. टॅलीचा दोष मुलीवर प्रेम करण्यांत नाहीं. आपला तराजू कलला आहे हें कोणा एकाहि विश्वासू सोबत्याच्या कानांत न सांगतां तो हातीं धरून बसण्यांत आहे. बुरखेधाऱ्यांच्या धमकीनें तो दोष हलका होतो. नाहींसा होत नाहीं.

आणि येथेंच चित्रपट आपला पाय काढून घेतो. त्या तिघां तरुणांपैकीं मार्स नांवाचा एक खुनशी निघतो. तो सौदा मोडतो, आपल्या दोन्ही सोबत्यांना ठार करतो आणि अखेर आगींत स्वतःहि मरतो. बुरखेधारीहि गोळ्यांनीं मरतात. बायको, मुलगी, परकीं मुलें, सारीं सुखरूप. प्रेक्षक समाधानानें उठतो. पण जरा मोजून पाहावें: टॅलीनें ज्यांना ज्यांना शब्द दिला होता त्यांतला एकहि जिवंत उरलेला नाहीं. धनकोच मेला, म्हणून कर्ज फिटलें, असा हा हिशेब आहे. तिघांतला सर्वांत धाकटा, ज्याला हें सारें नको होतें आणि जो शेवटीं मुलांस सोडावयास निघाला होता, तो जर तुरुंगांतून विचारता, ‘तुम्ही मला जें सांगितलेंत तें काय होतें?’ तर टॅली काय उत्तर देता? खरें नाटक त्या उत्तरांत होतें. लेखकानें तें टाळलें.

आरंभींच्या त्या मेलेल्या पोराबद्दलहि असेंच. तेथें टॅली खोटें बोलला नव्हता. त्यानें गोळी रोखली आणि बोलण्यावर विश्वास ठेवला. विश्वास चुकला. कथा असें सुचविते कीं, दुसऱ्या वेळीं यश मिळालें म्हणून पहिला ठपका धुतला गेला. मला हें पटत नाहीं. पहिल्या प्रसंगीं अपयश होतें, पण कपट नव्हतें. दुसऱ्या प्रसंगीं यश आहे, पण कपट आहे. नुसता परिणाम पाहणारें जग पहिल्याबद्दल त्याला दोष देईल आणि दुसऱ्याबद्दल पदक. विवेकानें तोललें तर पहिल्याबद्दल त्यानें शोक करावा, अपराधी वाटून घेऊं नये. आणि दुसऱ्याबद्दल आनंद मानावा, पण निर्दोष समजूं नये.

हा सारा विचार ओलीस आणि बंदुका यांच्यापुरताच असता, तर तो आपल्या घरांत आणण्याचें प्रयोजन नव्हतें. आपल्यापैकीं बहुतेकांच्या दाराशीं बंदूकधारी कधीं येत नाहीं. पण दरोडेखोरास दिलेल्या सवलतीचा लाभ आपण रोज उठवितों. कर चुकवितांना सरकार दरोडेखोर असतें, भाडेकरूस घरमालक दरोडेखोर आणि घरमालकास भाडेकरू. परीक्षेच्या वेळीं विद्यापीठ, लग्नाच्या बोलणींत व्याही. ज्याच्याशीं खोटें बोलावयाचें त्याला आधीं दरोडेखोर ठरवावयाचें, आणि मग कौशिकाची कथा सांगावयाची, हा आमच्या सुशिक्षित वर्गाचा नित्यक्रम झाला आहे. श्रीकृष्णांनीं ती कथा सांगितली ती माणसांचे प्राण वांचविण्यासाठीं. आपण ती सांगतों ती चार रुपये आणि थोडी गैरसोय वांचविण्यासाठीं.

म्हणून अपवाद मान्य करतांना त्याच्या अटीहि मान्य केल्या पाहिजेत. निरपराध माणसाच्या जिवावर बेतलेलें असावें. मौनानें किंवा वेळ काढून निभावण्यासारखें नसावें. आपला स्वतःचा लाभ त्यांत गुंतलेला असेल तर निर्णय दुसऱ्यावर सोपवावा. आणि सर्वांत मुख्य म्हणजे, नंतर त्या खोट्यास खोटेंच म्हणावें, त्याला चातुर्य किंवा धोरण अशीं गोड नांवें देऊं नयेत. एवढें ज्याच्यानें होईल त्यानें प्रसंग पडल्यास दरोडेखोरास खुशाल फसवावें. त्याचा रथ जमिनीला टेकेल, आणि तो टेकला आहे हें त्याला कळेल. ज्याला तें कळतच नाहीं, त्याचा रथ कधीं वर चालतच नव्हता.